कुंपणाच्या काटक्या आणि इनासकाका

इनासकाकांनी कोंबडीला अटक केली, तेव्हा आम्हाला सिडनीतल्या क्वेकर्स हिलला राहायला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी शिफ्टहून परत येऊन गाडी लावत होते. शेजारच्या घराच्या पायरीवर सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. पुढ्यात कपडे धुण्याची प्लास्टिकची बास्केट पालथी घातलेली आणि तिच्या आत एक तपकिरी कोंबडी. समोर आमच्या पलीकडचा केव्हिन, सहा फुटी प्लंबर, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा.

"तुम्ही मराठी ना?" गृहस्थांनी मला हाक मारली. "लेटरबॉक्सवरचं नाव वाचलं. या इकडे, साक्षीदार लागतो. सदर कोंबडी माझ्या अळूच्या वाफ्यात बेकायदा घुसली, सबब कोंडवाड्यात टाकली आहे." मग केव्हिनकडे वळून, "सिक्स एग्ज."

"फेअर इनफ, मेट," म्हणून केव्हिन घरी गेला, अर्धा डझन अंडी घेऊन आला आणि कोंबडी सोडवून काखेत मारून घेऊन गेला.

"अहो काका, असा कुठे कायदा असतो का?" मी विचारलं.

"असतो म्हणजे, होता," ते अंडी उन्हाकडे धरून पाहत म्हणाले. "सतराव्या शतकात. इंग्लंडमध्ये."

ही आमची पहिली ओळख.

इनासकाका मूळचे वसईचे. गावाकडच्या एका लहानशा कोर्टात त्यांनी तीस वर्षं बेंच क्लार्कची नोकरी केली. फाईल काढायची, नाव पुकारायला सांगायचं, तारीख लिहायची. बायको, मेरीकाकी, गेल्यावर मुलाने, मेल्विनने, त्यांना सिडनीला आणलं आणि वर्षभरात त्याला पर्थला काम लागलं. तो तिकडे, काका इकडे घर राखायला. मधे चार-पाच तासांचं विमान.

रिकामपणी त्यांना एक उद्योग सापडला. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बाजाराच्या गावातल्या जुन्या कोर्टाची रजिस्टरं फोटो काढून वेबसाइटवर ठेवली होती, आणि ती वाचून टाईप करायला जगभरातून स्वयंसेवक हवे होते. काकांनी नाव दिलं. त्यांना लॅटिन थोडं यायचं, कारण लहानपणी चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेला, मिस्साला, फादरांच्या हाताखाली सेवा केलेली. आणि अक्षराचं म्हणाल तर, "फौजदाराने घाईत लिहिलेला पंचनामा ज्याने वाचला, त्याला जगातलं कुठलंही अक्षर वाचता येतं."

त्या कोर्टात खून-दरोडे येत नसत. तिथे गावातलेच बारा-पंधरा जण ज्युरी म्हणून बसत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गाऱ्हाणी मांडत. कुणाची डुकरं मोकाट सुटली, कुणी दारात शेणाचा ढीग घातला, पाववाल्याने वजनात मारलं, अमकीने तमकीला भर बाजारात शिव्या घातल्या, एक जण तर लोकांच्या खिडकीखाली उभा राहून चोरून ऐकायचा. काका हे सगळं वाचत, आणि दुपारी कुंपणापाशी येऊन आम्हाला सांगत. त्यात शतक वगैरे सांगायची पद्धत नव्हती.

"काल परत त्या कसायाने रस्त्यात आतडी टाकली," एकदा बार्बेक्यूला ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"काय सांगता! मग कौन्सिलला फोन केला का?" प्रशांतने विचारलं.

"कसला फोन! तो मरून चारशे वर्षं होत आली." थोडं थांबून पुढे, "पण हा त्याचा चौथा गुन्हा होता हो."

आमचीही सुटका नव्हती. एकदा लाल झाकणाची कचऱ्याची बिन चार दिवस रस्त्यावरच राहिली. पाचव्या दिवशी लेटरबॉक्समध्ये सुवाच्य अक्षरातला कागद. 'ज्युरी असे निवेदन करते की, सुजाता, प्रशांतची पत्नी, हिने राजरस्त्यावर बिन ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांस उपद्रव दिला. पहिला गुन्हा. समज देऊन सोडले.' खाली सही आणि कोर्टाच्या शिक्क्याऐवजी बटाटा कापून उठवलेला गोल ठसा.

"समज देऊन सोडलं" हे त्यांचं लाडकं वाक्य. आमच्या नऊ वर्षांच्या सियाने त्यांच्या मिरच्या तोडल्या आणि घाबरून विचारलं, "अंकल, ॲम आय इन ट्रबल?" तिला समज देऊन सोडलं. मेल्विनने दोन रविवार फोन केला नाही, त्यालाही समज देऊन सोडलं. ते सांगताना मात्र आवाज जरा बारीक होता.

कोंबडी दर शनिवारी पकडली जायची. मी एकदा केव्हिनला म्हटलं, गेटची कडी बदलून घे ना. तो हसला. "कडी चांगली आहे. मीच उघडी ठेवतो. म्हातारा चहा काय फक्कड करतो! नो वरीज." मी हे काकांना सांगितलं नाही. आजवर नाही.

मग हिवाळ्यात ॲलिस आली.

ॲलिस ही त्या गावातली विधवा. तिचा गुन्हा एकच. थंडी पडली की ती दुसऱ्यांच्या कुंपणातल्या काटक्या तोडून जळणाला न्यायची. दर हिवाळ्यात पकडली जायची, दर हिवाळ्यात ज्युरीपुढे नाव यायचं. पहिल्या वर्षी दंड. दुसऱ्या वर्षी दंड आणि वर दम, परत असं केलंस तर बाजारात सगळ्यांसमोर लाकडी खोड्यात पाय अडकवून बसवू.

"आणि तिसऱ्या वर्षी परत!" काका कुंपणावरून मला सांगत होते. चेहरा असा, जणू पोरीने स्कॉलरशिप मिळवली. "आणि ऐक, दंडाचा आकडा कारकुनाने लिहिलाय, त्यावर काट मारलीय आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय, गरीब आहे म्हणून. बस, तेवढंच. दंड माफ. सुजाता, त्या कारकुनाला मी ओळखतो. चारशे वर्षांपूर्वीचा का असेना, माणूस आपल्या लायनीतला."

त्यानंतर आम्हाला ॲलिसचीच खबर असायची. चौथ्या हिवाळ्यात तिने एका पाद्र्याचंच कुंपण मोडलं. पाचव्यात तिच्याबरोबर कुणीतरी होतं, काका म्हणाले बहुतेक शेजारीण, एकटीला आता ओझं उचलत नसणार. दरवेळी समासात तेच, गरीब आहे म्हणून. सुट्टी संपू नये म्हणून दिवस जपून वापरावेत, तसं काका रजिस्टरचं रोज एकच पान वाचायचे.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका दुपारी दार उघडलं तर काका उभे. बेल वाजवली नव्हती. किती वेळ उभे होते कोण जाणे. शर्टाला इस्त्री नव्हती.

"ह्या वर्षी ती नाही आली," ते म्हणाले.

"कोण?"

"ॲलिस. अख्खं रजिस्टर बघितलं. कसाई आहे, पाववाला आहे. तिचं नाव नाही."

"अहो, मग चांगलंच ना," मी म्हटलं. "सुधारली असेल. कुणी जळण दिलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस होता तो. "तू ये जरा," म्हणाले. "माझा चष्मा आता दगा देतो."

मी त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी भिंग, मेरीकाकीचा फोटो. त्यांनी मला तिच्या नावातली अक्षरं ओळखायला शिकवलं. त्या काळी अक्षरं कशी वळवायचे, कुठे शेपूट काढायचे. मी लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघते, मला बारीक बघायची सवय आहे. दोन दिवस आम्ही पानं पालथी घातली. शेवटी पुढच्या वसंतातल्या एका पानावर तिचं नाव मला दिसलं.

"काका, सापडली!"

ते धावतच आले. भिंग लावून ओळ वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. एका शेतकऱ्यावर तक्रार होती. त्याच्या मालकीची झोपडी पडायला आलीय, छप्पर रस्त्यावर कोसळतंय, ते त्याने दुरुस्त करावं. झोपडी कुठली, तर मयत विधवा ॲलिस जिथे राहायची ती.

काकांनी भिंग खाली ठेवलं. "थंडीतच गेली," म्हणाले. उठून चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळून अर्धं होईस्तोवर तसेच उभे राहिले. चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईसाठी कुणाचं सांत्वन कसं करतात?

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चर्चला सोड. तिच्या नावाने मिस्सा सांगायचीय." फादर केरळचे, पस्तिशीचे, मोठे हौशी. त्यांनी फॉर्म पुढे केला. मयताचं नाव काकांनी लिहिलं. फादरांनी आस्थेने विचारलं, कधी वारल्या? काकांनी सगळं सांगितलं. फादर पेन हातात धरून बसले.

"बट अंकल," ते हळूच म्हणाले, "त्या काळातली इंग्लिश बाई. शी वॉजन्ट इव्हन कॅथलिक."

"फादर," काका म्हणाले, "शी वॉज कोल्ड."

फादरांनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि वार लिहिला, गुरुवार, सकाळी नऊ. काकांनी तो परत मागून घेतला, त्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि घडी घालून दिला.

गुरुवारी मी शिफ्ट बदलून घेतली. आम्ही बौद्ध. मिस्साला कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे ह्याचा मला पत्ता नव्हता, म्हणून मी काकांकडे बघत सगळं करत होते. चर्चमध्ये आम्ही दोघं आणि रोजच्या येणाऱ्या पाच-सहा म्हाताऱ्या. फादरांनी वाचलं, आजची मिस्सा ॲलिससाठी. मग जरा अडखळून, "अँड फॉर अ वूमन फ्रॉम बॅक होम."

मी काकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. काकाच बोलले.

"आमच्या कोर्टात एक बाई यायची. रस्त्यात बसून सुकी मच्छी विकायची म्हणून महिन्या-दोन महिन्याला आणायचे तिला. यायची, गुन्हा कबूल म्हणायची, दंड भरायची, आणि जाताना मला विचारायची, 'भाऊ, जेवलात काय?' नऊ-दहा वर्षं. मग एका तारखेला आली नाही. मी 'आरोपी गैरहजर' लिहिलं. वॉरंट निघालं. ते 'सापडत नाही' म्हणून परत आलं, ते पण मी फाईलला लावलं आणि पुढची फाईल घेतली. तिचा पाडा कोर्टापासून चालत पंधरा मिनिटं, सुजाता. मी गेलो नाही बघायला."

बाहेर चर्चचा माळी पानं उडवायचं मशीन चालवत होता.

"फॉर्मवर तिचं नाव का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"आठवत नाही. सहा दिवस आठवतोय. शंभर वेळा पुकारायला सांगितलं असेल ते नाव." त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. "तिला सही येत नसे, अंगठा द्यायची. शाई लावताना बोट मीच धरायचो. मासे कापताना कोयती लागल्याची खूण होती, ती प्रत्येक ठशात यायची." आणि आपल्याच अंगठ्यावर नखाने एक आडवी रेघ ओढून त्यांनी मला दाखवली. "इथे," ते म्हणाले. "अशी."