ब्वालॉयबाईसाहेबांच्या पुढील ब्रेकाची मोहीम

श्रीबुद्धचरणी मस्तक ठेवोन, यसोथॉन बाजारच्या समस्त लहानथोरांस मुजरा करोन, पदरचे कांहीं न घालितां जैसे घडले तैसे लिहिले जाते. कच्च्या पपईची झणझणीत मिरचीची कोशिंबीर कुटोन विकणाऱ्या ब्वालॉयबाईसाहेब यांचे स्वारीस एक लाल दुचाकी होती, आणि मागे यजमान थोंगदामराव उखळ-मुसळ मांडीवर घेवोन बैसत. ऐसीयास पुढील ब्रेक फितूर जाहला. एकदां स्वारी बदकांच्या कळपांत घुसली, मग पुन्हा एकदां उसाचा ट्रक थोंगदामरावांचे गुडघ्यापासोन वीतभर अंतरावरोन गेला.

इतक्यांत ज्या कंपनीने दुचाकी घडविली तिचे फर्मान बाईसाहेबांचे मोबाइलवर दाखल जाहले कीं, या गाड्यांच्या पुढील ब्रेकाची नळी तडकते, सबब समस्त मालकांनी सर्व्हिस सेंटरीं रुजू व्हावे, नवी नळी फुकट बसवोन मिळेल. परंतु त्याच नळीवर विहारातील वृद्ध भिक्खू लुआंग पो खेम यांनी गाडी नवी असतां रक्षणार्थ मंतरलेले सूत गुंडाळिले होते, ते तोडावे लागणार, म्हणोन बाईसाहेबांनी साफ इनकार केला.

"ब्रेक लागला नाही तरी आपण जिवंत आहोत ना? मग चालतंय काय, सूत की ब्रेक? चालणारी वस्तू काढून बंद पडलेली बदलायची? वा रे शहाणे!"

थोंगदामराव जन्मांत उलट बोलिले नव्हते. त्यांनी उखळ खालीं ठेविले आणि अर्ज केला, "मग तू जा गाडीवर. मी चालत येतो."

हा घाव वर्मी लागला. बाईसाहेब रात्रभर तळमळल्या आणि उजाडतांच दुकान बंद ठेवोन, यजमानांस गाडीवर मागे घेवोन, मुंगीच्या चालीने सर्व्हिस सेंटरावर चालोन गेल्या.

तेथे भलताच पेंच पडला. मुख्य मिस्त्री प्रयून कात्री घेवोन सरसावला, सूत पाहिले आणि कात्री म्यान केली. "मावशी, माझी बायको पोटुशी आहे. मी नाही कापणार." दुसऱ्याचे लग्न ठरले होते. तिसऱ्यास अवेळीं भूक लागली. ऐसी सारी फौज जागींच थिजली, आणि नवी नळी टेबलावर पडोन राहिली. मग मसलत होवोन खुद्द लुआंग पोंस फोन लाविला, आणि सर्वांनी हात जोडोन हुकूम ऐकिला.

"अगं ब्वालॉय, ते सूत अजून आहे? किती मळलं असेल! तोडून टाक. दुसरं मी बांधीन, टोपलीभर पडलंय इथे. तुझा थोंगदाम गेला तर दुसरा कुठून आणू?"

बाईसाहेबांनी यजमानांकडे पाहिले. ते बाकावर बैसोन चिकट भाताची मूठ वळीत होते, आणि एक मूठ त्यांनी बाईसाहेबांसाठीं बाजूस राखिली होती. मग बाईसाहेबांनी गाडीस हात जोडिले, खालीं वाकल्या आणि सूत दातांनी तोडिले. प्रयूनाचे सैन्य तुटोन पडले, जुनी नळी कैद जाहली, नवी गादीवर बैसली.

परतीचे वाटेवर बाजारच्या उतारावर, खालीं हमरस्त्याने ट्रकांची रांग धडधडत असतां, बाईसाहेबांनी ब्रेक दाबिला आणि गाडी जागचे जागीं उभी राहिली. थोंगदामरावांचे नाक त्यांचे पाठीवर आपटले.

"अगं, थांबली!"

"मग काय उडणार होती? नाक सांभाळा."

रस्ता मोकळा जाहला, मागील लोक हॉर्न वाजवूं लागले, तरी बाईसाहेब ब्रेक सोडीनात. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मनुष्यहानी नाही, एक नाक किंचित लाल, ऐसी नोंद असे. आपल्या डोळ्यांतील पाण्याविषयीं मिरचीचा हात लागला ऐसे बाईसाहेबांनी तेथेच जाहीर केले. परंतु त्या दिवशीं दुकान बंद होते.