हणमंतरावांच्या घरची चौथीची परीक्षा

हणमंतराव मास्तरांनी आपल्या घरी परीक्षा घ्यायचं ठरवलं, ते निव्वळ माणसं टिकावीत म्हणून. (दुसरा कुणी असता तर त्याने उप्पिटात काजू वाढवले असते. पण ज्याने छत्तीस वर्षं जामबागेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला, त्याला माणसं धरून ठेवायचा दुसरा उपाय कुठला सुचणार?)

त्याचं असं झालं. हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांची बैठक भरायची. चांगली अकरा माणसं. उप्पीट, चहा आणि गप्पा. मग नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि बैठकीचेही झाले. कुणाची नेमणूक औरंगाबादेला झाली, कुणाची थेट मुंबईला, दोघं गुलबर्ग्याला गेले ते एकदम म्हैसूर राज्यात जाऊन पडले. मास्तरांचा स्वतःचा मुलगा श्रीनिवास बायकोला घेऊन औरंगाबादेत गेला. घर इतकं शांत झालं की तारामतीबाईंनी आत फोडणी दिली तरी बाहेर मास्तर दचकायचे.

उरले तिघं. सचिवालयातला हेडक्लार्क प्रभाकर, पंचेचाळिशीचे वकील एकनाथराव आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली मालती. त्यातही डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी मालती पाच मिनिटांत उप्पीट संपवून उठली, तेव्हा मास्तर तिच्यामागे दारापर्यंत गेले. हेही तिघं गेले तर? गुरुवारी संध्याकाळी आपण करायचं काय? दाराकडे बघत बसायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी ट्रंक उघडली. तिच्यात १३४२ फसली सालातला, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीचा चौथीचा पेपर सापडला. खालीच शाळेच्या छापील निकालपत्रिकांचा गठ्ठा होता. मास्तरांचे डोळे चमकले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, "तुम्ही नव्या जमान्याची शहाणी माणसं. चौथीचा जुना पेपर सोडवून दाखवा. पस्तिसाच्या खाली गेलात तर दर गुरुवारी शिकवणीला यायचं. चुकवायची नाही."

"मास्तर, माझ्याजवळ वकिलीची सनद आहे," एकनाथराव हसत म्हणाले.

"मग भीती कसली? अंतर ठेवून बसा."

तिघं हसत हसत जाजमावर बसले. पहिला प्रश्न वाचताच हसू ओसरलं. सतरा औटं किती? साडेतिनाचा पाढा म्हणे! एकनाथराव छताकडे बघू लागले. प्रभाकरने बोटं मोजली, मग पायाचीही मोजली; चप्पल बाहेरच होती, ते सोयीचं झालं. दहा मिनिटांनी मास्तरांनी मागून येऊन एकनाथरावांच्या हातातला कागद ओढला. वकीलसाहेब मालतीचं बघून लिहीत होते. मालतीचंही चूक होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर पेपर तपासताना मास्तरांना जो आनंद झाला, तो वर्षभरात झाला नव्हता. दुसरा प्रश्न होता, एका किल्ल्यात चारशे शिपायांना पंचेचाळीस दिवस पुरेल इतका शिधा आहे. दहा दिवसांनी पन्नास शिपाई निघून गेले, तर उरलेल्यांना तो आणखी किती दिवस पुरेल? प्रभाकरने लिहिलं होतं, "पन्नास शिपाई कोणाच्या हुकमाने गेले, त्याची प्रत सोबत नाही. सबब विचार करता येत नाही." शून्य! तिसरा प्रश्न हैदराबाद राज्याच्या चतुःसीमांचा. एकनाथरावांचं उत्तर, "सदर राज्य दिनांक १ नोव्हेंबर रोजी निवर्तले. वारस तीन." शून्य!

मालतीने लिहिलं होतं, "उत्तरेला नांदेडची ताई, पश्चिमेला गुलबर्ग्याची मावशी, फार लांब मुंबईला दादा. पूर्वेला कुणी नाही." मास्तरांचं पेन तिथे जरा अडलं. मग त्यांनी तिथेही शून्य दिलं, पण लहानसं.

अकरा, नऊ आणि चौदा. तिघंही सणसणीत नापास! मास्तरांनी तीन निकालपत्रिका भरल्या, खाली "पालकाची सही" अशी जागा होती तिथे खूण केली आणि सकाळी शेजारच्या उमाजीबरोबर तिघांच्या घरी धाडून दिल्या. (पालकाची सही! हेडक्लार्कच्या! पण फॉर्मवर जागा असताना ती कोरी सोडणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.)

गुरुवार आला. तारामतीबाईंनी उप्पीट केलं. मास्तरांनी फळा पुसला, औटकी लिहून ठेवली. सहा वाजले, सात वाजले. कुणी आलं नाही.

"काही काम निघालं असेल," तारामतीबाई म्हणाल्या.

"तिघांनाही?"

पुढच्या गुरुवारीही तेच. उप्पीट दोन दिवस पुरलं. आता मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण त्यांची अब्रू घालवली. वकिलाच्या आईच्या हातात नऊ मार्कांचा कागद दिला! कशाला येतील? माणसं सांभाळायला निघालो आणि होती तीही हाकलून दिली. त्यांनी फळ्यावरची औटकी पुसली आणि खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली. त्यांना फार एकटं वाटत होतं आणि ते तसं तारामतीबाईंना म्हणालेही.

"मी आहे ना," त्या म्हणाल्या.

"तू आहेस गं. पण तू माझं ऐकत नाहीस."

तिसऱ्या गुरुवारी तारामतीबाईंनी उप्पीट केलंच नाही. "चला, नुमाइश बघून येऊ. घरात बसून भिंती काय बघायच्या?"

नामपल्लीच्या मैदानात दरसालच्या या प्रदर्शनात दिव्यांची झगमग होती आणि माणसांना माणसं लागत होती. मास्तर गर्दीत मान खाली घालून चालले होते. मिरची भज्यांच्या दुकानापाशी ओळखीचं हसणं कानावर आलं. त्यांनी वर पाहिलं. प्रभाकर, मालती आणि एकनाथराव, तिघं एका बाकावर बसून एकाच कागदातली भजी खात होते. मजेत! मास्तरांशिवाय!

मास्तर परत फिरायला लागले. तेवढ्यात मालतीचं लक्ष गेलं. "अय्यो, मास्तर!"

पुढच्या क्षणी बाक रिकामा झाला. प्रभाकर दुकानाच्या मागे दडला. मालतीने पदर डोक्यावरून ओढून घेतला. उच्च न्यायालयात उभे राहणारे एकनाथराव शेजारच्या काश्मिरी शालींच्या आड शिरले.

"क्या साब, लेते की नहीं लेते?" शालवाला ओरडला. शालींच्या आडून एक हात आला आणि त्याला गप्प राहायची खूण करू लागला. हातात भजं होतं.

"एकनाथ, बाहेर ये," मास्तर म्हणाले.

तिघं रांगेत येऊन उभे राहिले. मास्तरांनी उपरणं सावरलं. "माझं चुकलं. मार्कांचा तमाशा करायला नको होता. मला मार्क नको होते रे, तुम्ही हवे होता. तुम्ही रागावलात आणि..."

"रागावलो?" प्रभाकर गोंधळला. "नक्को मास्तर, रागावू कशाला? तुम्हीच येऊ नका म्हणालात."

"मी?"

एकनाथरावांनी खिशातून घडी केलेली निकालपत्रिका काढली. पालकाच्या जागी त्यांच्या आईची, सत्यवतीबाईंची सही होती. तळाशी बारीक छापील अक्षरात एक ओळ होती, जी मास्तरांनी छत्तीस वर्षांत कधी वाचली नव्हती, कारण ती विद्यार्थ्यांसाठी होती आणि तिच्यातली तारीख शाळेच्या कचेरीत भरली जायची. एकनाथरावांनी वाचून दाखवली. "शाळा सुट्टीनंतर दिनांक अमुक रोजी उघडेल. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी आवारात येऊ नये."

"आणि तारीख तुम्ही भरलीच नाहीत," मालती म्हणाली.

"अरे, पण शिकवणीला या म्हणून मी तोंडाने सांगितलं होतं!"

"लेखी हुकूम तोंडीच्या वरचढ असतो," एकनाथराव म्हणाले. "आणि तारीख कोरी म्हणजे पुढील हुकूम होईपर्यंत. आम्ही रोज वाट बघत होतो, मास्तर."

नापास झालेल्या त्या तीन घोड्यांनी पत्रिकेतली एकच ओळ पाळली होती, आणि तीही चुकीची. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. मग उपरण्याने चष्मा पुसत म्हणाले, "मग उघडली शाळा. येत्या गुरुवारपासून. याल ना?"

"हौ मास्तर, येतो की," तिघं एका सुरात म्हणाले. प्रभाकर पायाने माती उकरू लागला. मालतीने त्याला कोपराने ढोसलं.

"काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही मास्तर," प्रभाकर डोकं खाजवत म्हणाला, "नुमाइश अजून पंधरा दिवस आहे. तेवढी सुट्टी वाढवली असती तर..."

मास्तरांनी आधारासाठी तारामतीबाईंकडे पाहिलं. त्या मालतीच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात भजं होतं.

"वाढवा हो," त्या म्हणाल्या. "मलाही जरा सुट्टी मिळते."