माझी एकटीची चिकटवही

कात्री हातात घेतली की माझ्यासारखं काम शिरूर तालुक्यात कुणी करून दाखवावं! अंगणवाडीतल्या पोरांच्या चिकटवह्यांसाठी आंबे, पोपट, आगगाड्या कापण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मग म्हटलं, एवढ्या वह्या केल्या, एक स्वतःची का नको? घरच्यांची नाही हं. फक्त माझी! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करुणा, दुसरं कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, बाई शिरूरात राहते आणि नखरे पुण्याचे. पण मी वैतागले होते हो. सकाळी डबे, मग अंगणवाडी, मग सासूबाईंच्या गोळ्या, मग पुन्हा सैपाक. आणि अल्बम काढावा तर लग्न-बारशाचे फोटो सोडले, की मी कायम कुणाच्या तरी मागं. कुठं नुसता खांदा, कुठं नुसतं नाक.

माझा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. म्हणून एका दुपारी अल्बमातल्या सगळ्या फोटोंमधून स्वतःला कापून काढलं आणि वहीत चिकटवलं. लग्नातली मी, बारशातली मी, घोड धरणावरची मी, पंगतीत वाढणारी मी. अगदी कानाच्या कडेकडेनं, सफाईदार! डब्यात निगेटिव्ह होत्याच, नव्या प्रती काढून अल्बमात लावल्या की झालं. डबा उघडला तर रिकामा. गेल्या दिवाळीत आळीतल्या पोरांनी ग्रहण बघायला त्या नेल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. मी अल्बम गुपचूप ट्रंकेत सरकवला आणि भांडी घासायला बसले.

पुढच्याच रविवारी माझ्या नणंदेला, सीमाला बघायला दौंडहून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत. आधीची स्थळं मोडून मोडून पोरगी अर्धी झाली होती, आणि हा मुलगा तिच्या मनात भरला होता. पाहुण्यांना नातीगोती कळावीत म्हणून आमच्याकडं अल्बम दाखवायची पद्धत. मी आत पोहे परतत होते, तोवर सासूबाईंनी ट्रंक उघडून तो मुलाच्या आईच्या, ताईबाईंच्या मांडीवर ठेवला.

ताट घेऊन मी बाहेर आले तर बैठकीत मयताच्या घरासारखी शांतता. फोटोत आमचे हे गळ्यात हार घालून नवरदेव होऊन उभे, आणि शेजारी बाईच्या आकाराचं भोक! पुढच्या पानावर बाळ हवेत तरंगतंय.

मुलाच्या मामांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि ह्यांना हळूच विचारलं, "पाव्हणं, ही दुसरी व्हय? मंग पयलीचं काय झालं?"

आमचे हे साधे. अल्बम बघून तेही चक्रावले होते. म्हणाले, "मलाबी आत्ताच कळतंय."

झालं! मामा चपला शोधायला लागले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दारात सीमा उभी होती, चेहरा पांढराफटक. पळत जाऊन मी चिकटवही आणली आणि ताईबाईंपुढं ठेवली.

"मावशी, पयली मीच हाय. ही बघा."

ताईबाईंनी वही अल्बमाशेजारी धरली. भोक बघायचं, वही बघायची, मला बघायचं. मग मामाही चपला सोडून वाकले, आणि कुठली करुणा कुठल्या भोकातली यावर बैठकीत चांगलीच चर्चा रंगली. पोहे गार झाले. शेवटी ताईबाईंनी विचारलं, असं का केलं? मी इतकी दमले होते की खरं तेच तोंडातून निघालं.

"समद्यांच्या मागं उभं ऱ्हाऊन कंटाळा आला, मावशी."

ताईबाईंनी अल्बम मिटला. मग मामांना म्हणाल्या, "सुनंनं एवढं केलं, तरी घरात कुनी तिच्यावर आवाज चढवला न्हाई. आपल्याला आसंच घर पायजे. पोरगी पसंत हाय."

आवाज पाहुणे गेल्यावर चढला! सासूबाईंचा हुकूम झाला, अल्बम आधी होता तसा झाला पाहिजे. माझा थकलेला अवतार बघून ह्यांना दया आली. म्हणाले, तू भांडी घास, मी चिकटवतो.

भांडी घासून येऊन बघते तर काय! बारशाच्या फोटोत पांढऱ्या साडीतली, हार घातलेली नवरी बाळ घेऊन उभी. आणि माझ्याच लग्नात, नवरदेवाच्या शेजारी, मी आमटीची बादली घेऊन!

"अहो, हे काय केलंत?"

"मला काय कळनार? तू समद्या फोटोंत सारखीच दिसतीस. दमल्याली."

भांडायला तोंड उघडलं होतं मी. पण आधी बादलीवालीचा चेहरा नीट बघितला, मग नवरीचा.

गोंदाच्या बाटलीला झाकण लावलं आणि अल्बम तसाच ट्रंकेत ठेवला. तुम्हीच सांगा, कुठली कुठं लावायची होती?