खारशेतच्या दोन द्वारकाबाई

दर वर्षी भाद्रपदात उत्तरेकडून येणारे पक्षी खारशेतच्या खाडीवर उतरतात आणि गावातल्या माणसांची मोजणी करतात. मोजणी तीन दिवस चालते. पक्षी चोचीने चिखलावर नोंदी करतात आणि भरती चढायच्या आत ग्रामसेवक काणेकर त्या कागदावर उतरवून घेतात. ज्याच्या नावापुढे 'स्थानिक' येतं तो गावात राहतो. ज्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' येतं त्याला फाल्गुनात परतीच्या थव्याबरोबर जावं लागतं. तीन वर्षांपूर्वी मयेकरांचा घरजावई असाच गेला. सायबेरियातून त्याची पत्रं येतात. हवा मानवली आहे म्हणतो.

केतकी तांडेल सहा वर्षं परदेशी शिकून ज्येष्ठात गावी परतली होती. खाडी वाचवायची, कांदळवन वाढवायचं आणि मरेपर्यंत इथेच राहायचं, हे तिने विमानातच ठरवलं होतं. आल्यापासून तिने चारशे रोपं लावली होती. मोजणीच्या पहिल्या दिवशी गमबूट चढवून, दुर्बीण गळ्यात अडकवून ती सगळ्यांच्या आधी बांधावर हजर झाली.

मोजणीचा प्रमुख लांब, वाकड्या चोचीचा एक म्हातारा कोरल होता. त्याने तिला आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या.

"नाव?"

"केतकी वामन तांडेल. इथलीच."

"गेल्या सहा मोजण्यांत तुम्ही दिसला नाहीत."

"शिकायला गेले होते."

"चरायला," कोरल शेजारच्या तुतवाराला म्हणाला. त्या इवल्याशा पक्ष्याने ते चिखलावर टोचून घेतलं. "काहीतरी बोला," कोरल केतकीला म्हणाला.

"काय बोलू?"

"आवाज स्थानिक. आता चाला."

केतकी चालू लागली. चौथ्या पावलाला तिचा एक बूट चिखलातच राहिला.

"चाल बाहेरची," कोरल म्हणाला. त्याने तिच्या निळ्या जाकिटाकडे चोच केली. "पिसारा बाहेरचा. स्थलांतरित."

"पण मी कायमची राहायला आलेय! चारशे रोपं लावलीत, तीही तुमच्याचसाठी!"

"ती पाहिली," कोरल अदबीने म्हणाला. "रोपांची नोंद स्थानिक म्हणून झाली आहे. आपली हरकत असल्यास परवा ओहोटीला पुन्हा दिसावं."

केतकीची आत्या, द्वारकाबाई, चाळीस वर्षं त्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत होती. तिने हे सगळं बांधावरून ऐकलं होतं.

"सहा वर्षं शिकलीस आणि चिखलात चालता येईना होय गो?" ती म्हणाली. "काढ ते बूट आधी."

दुसरा दिवस दोघींनी खाडीत घालवला. पाऊल सपाट टाकायचं नाही, आधी बोटं. मग टाच हळू फिरवायची. टाचेला शिंपला लागला की मगच वाकायचं, उगाच वाकायचं नाही.

"आत्या, पण त्यांना माणूस ओळखू येतो कसा?" केतकीने विचारलं. हा प्रश्न तिला परदेशातही कुणी सोडवून दिला नव्हता.

"पाय बघतात. तोंडाकडे कोण बघतंय? माझं तोंड बघितलं असतं तर मला कधीच हाकललं असतं."

केतकी शिकायला पक्की होती. संध्याकाळपर्यंत तिने आत्याची चाल जशीच्या तशी उचलली. प्रत्येक तिसऱ्या पावलाला डावीकडे झुकायचं, हेसुद्धा. ते झुकणं गुडघ्याच्या दुखण्याचं होतं, हे आत्याने सांगितलं नाही आणि केतकीने विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती आत्याचं लुगडं नेसून, कमरेला टोपली लावून खाडीत उतरली. बोटं, टाच, डावीकडे झोक. कोरलाने तिला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

"द्वारकाबाई तांडेल. स्थानिक."

मागून वीस पावलांवर आत्या येत होती.

"द्वारकाबाई तांडेल. स्थानिक. एकूण दोन."

काणेकरांचं पेन थांबलं. "दोन?"

"गेल्या वर्षी एकच होती. वाढ समाधानकारक आहे."

"आणि केतकी तांडेल?"

कोरल थांबला. तुतवार थांबला. केतकीने तोंड उघडलं. मी केतकी, एवढं म्हटलं की पहिल्या दिवसाची नोंद कायम होणार होती. भरतीचं पाणी कडेच्या नोंदींपर्यंत आलं होतं.

"बोल काय ते," आत्या हळूच म्हणाली. "पण लगेच बोल. पाणी चढतंय."

केतकीने टाच फिरवली. शिंपला लागला. ती वाकली, तिसरी काढून टोपलीत टाकली आणि पुढे चालू लागली.

"दिसली नाही," कोरल म्हणाला. "यंदा लवकर परतली असावी."

काणेकरांनी तसं लिहून घेतलं. गणपतीनंतर रेशनकार्डावर दोन द्वारकाबाई आल्या. गावाने थोरल्या आणि धाकट्या असं म्हणायला सुरुवात केली आणि काही अडलं नाही. थोरल्या द्वारकाबाईंना मात्र अवघडल्यासारखं व्हायचं. "माझ्याच नावाने तुला हाक मारायची म्हणजे मीच दुसऱ्या खोलीत आहे की काय असं वाटतं गो," त्या म्हणायच्या. फाल्गुनात थवे उत्तरेकडे गेले. धाकट्या द्वारकाबाई बांधावर उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिल्या. पावसाळ्यात त्यांनी आणखी तीनशे रोपं लावली.

पुढच्या भाद्रपदात कोरल पुन्हा आला. धाकट्या द्वारकाबाईंची नोंद एका नजरेत झाली. तरी तो जागचा हलला नाही.

"इथे केतकी तांडेल म्हणून एक होती," तो म्हणाला. "निळी. रोपं लावायची. वाटेत आम्ही सगळीकडे चौकशी केली, ती कुठेच उतरलेली नाही. तुम्हाला दिसली का?"

"अजून नाही," धाकट्या द्वारकाबाई म्हणाल्या.

"दिसली तर कळवा. आम्हाला तिच्याविषयी उत्सुकता आहे."

"मलाही आहे."

त्यांनी टोपली बांधावर ठेवली. टोपलीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली दुर्बीण होती. ती काढून त्यांनी काचा पुसल्या आणि उत्तरेकडून येणाऱ्या शेवटच्या थव्यातला एकेक पक्षी पाहायला सुरुवात केली.