भिंतीवरच्या दोन बायका

भिंतीवर लावायचा माणूस शक्यतो नात्यातला नसावा, हा कलारसिकतेचा पहिला नियम आहे. नात्यातला असला की त्याला हार घालावा लागतो. परका असला की नुसत्या कौतुकावर भागतं.

परीक्षित हा नियम काटेकोरपणे पाळत असे. २००६ साली इंग्लंडात मिल्टन कीन्सला घर घेतल्यावर त्याने लंडनहून एक जुनं जपानी चित्र आणलं, लाकडी ठशांनी छापलेलं. चित्रात किमोनो घातलेली, मान किंचित कललेली एक सुंदर बाई होती, आणि ती बाई नव्हती. काबुकी नाटकांत बायकांची कामं पुरुष करतात, त्यांतला तो एक नट होता. (हे पाहुण्यांना लगेच सांगायचं नसतं. आधी 'काय गोड आहे!' म्हणू द्यायचं.) दर शनिवारी परीक्षित वाइनचा ग्लास हातात धरून हे गुपित फोडी आणि "बाईपेक्षा बाई!" म्हणून थांबे. एका अनौपचारिक पाहणीनुसार शंभरातले नव्वद पाहुणे इथे थक्क होत. उरलेले दहा दुसऱ्यांदा आलेले असत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मिरजेहून त्याचे वडील आले. मोहनरावांनी बॅगेतून पंच्यात गुंडाळलेला एक फोटो काढला. नऊवारी शालू, नाकात नथ, मान किंचित कललेली. हे परीक्षितचे आजोबा. नाटक कंपनीत नायिकेची कामं करत.

"हॉलमध्ये लावू या का रे? त्या जपान्याच्या शेजारी जागा आहे."

"बाबा, ऑफिसची माणसं येतात हो घरी. काय म्हणतील? ते आर्ट आहे."

"आणि हे?"

"हे आजोबा आहेत."

युक्तिवाद बिनतोड होता. उन्हाने जुने फोटो खराब होतात, असं शास्त्रीय कारण देऊन आजोबांची रवानगी जिन्याखालच्या कपाटात, हूवर म्हणजे केर ओढायच्या यंत्राशेजारी झाली. (तिथे ऊन येत नाही. मिल्टन कीन्सला ते बाहेरही बेताचंच येतं.) मोहनरावांना फार वाईट वाटलं. दुपारी घरात कुणी नसलं की कपाटाचं दार उघडून समोर खुर्ची टाकून बसत.

पुढच्या शनिवारी परीक्षितची बॉस हेलन जेवायला आली. चित्राचं व्याख्यान ऐकून तिने विचारलं, तुमच्याकडे असं काही होतं का?

"अनफॉर्च्युनेटली, नो," परीक्षित म्हणाला. मोहनराव आपला चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

पाहुण्यांचे कोट त्याच कपाटात टांगलेले असतात, हे परीक्षित विसरला होता. निघताना हेलनने दार उघडलं आणि ती तिथेच थबकली. "हू इज दिस ब्यूटिफुल लेडी?"

परीक्षितने क्षणभरच विचार केला. "माय ग्रँडमदर."

"अँड यू कीप हर विथ द हूवर?"

रविवारी सकाळी आजोबा हॉलमध्ये लागले. आजी म्हणून. परीक्षितच्या बायकोने, अक्षयाने, हार घातला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका नमस्कार करून म्हणू लागल्या, "चेहऱ्यावर काय सोज्वळपणा आहे! हल्ली असं बाईपण राहिलंय कुठे?" कंपनी बुडून सत्तर वर्षं झाली, तरी आजोबांचं काम अजून रंगत होतं.

"बाबा, रागावलात?" परीक्षितने एकदा विचारलं. "खऱ्या आजीचा फोटो असता तर तोच लावला असता ना."

"तिचा कुणी काढलाच नाही," मोहनराव म्हणाले. "शालू मात्र तिचा आहे. लग्नातला. कंपनीच्या कपडेपटात गेला, तो परत आला नाही."

तेव्हा वाचकहो, तुमच्या हॉलमधल्या आजीकडेही एकदा नीट बघून घ्या. मनगट जरा रुंद वाटलं तर घाबरू नका, हार तसाच राहू द्या. पण 'मग खरी आजी कुठे आहे?' असं कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.