देवरावभाऊ आणि बंद दार

लहान पोर रडायला लागलं की देवरावभाऊंचा चेहरा खुलायचा.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि एकदा नाही. गोंडपिपरीत दातांच्या दवाखान्यात मी नावं लिहून घेते. मंगळवारी लहान मुलं येतात. आतून किंकाळी आली की बाहेर बसलेले आईबाप पदर, रुमाल, हाताला लागेल ते चावत बसतात. देवरावभाऊ तेवढे कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत. मग हळूच म्हणत, "हां. चालू हाय."

पोर गप्प झालं की डोळे उघडत. ते डोळे पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. दारामागे कोणीतरी दबा धरून बसलंय आणि ते फक्त यांनाच दिसतंय, असे बघायचे.

भाऊ जंगलखात्यात वनमजूर. उंच, वाळके, पायांचा आवाज न करता चालणारे. आले की कळायचंच नाही. मी वहीतून मान वर करावी तर समोर उभे. सोबत सहा वर्षांची गुड्डी, खालची दाढ किडलेली. पण तिचा नंबर आला की हे म्हणणार, "अगोदर दुसऱ्याले जाऊ द्या, बाई." असं करता करता दवाखाना बंद व्हायची वेळ येई आणि बापलेक तसेच घरी जात. एका मंगळवारी तर ते गुड्डीला न घेताच आले आणि तासभर बसून राहिले. एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं पेशंट कोणतं?" मी म्हटलं, कोणतंच नाही. तिने मुलाला कडेवर उचललं आणि निघून गेली.

शेवटी मी विचारलंच. "भाऊ, पोरं रडतात ते तुम्हाला बरं वाटतं का?"

"बरं नाई वाटत, बाई. ठाव लागते." मग समजावून सांगावं तसं म्हणाले, "जंगलात बांदरं ओरडून राह्यली तं समजते, वाघ कुठी हाय. सारं चूप झालं का मंग पाय उचलत नाई."

डॉक्टर मॅडमला वाघ समजणारा माणूस म्हणून मी हे गावभर सांगितलं. मॅडमही हसल्या.

पुढच्या मंगळवारी गुड्डीचा गाल इतका सुजला होता की एक डोळा बारीक झाला होता. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊ तिच्याबरोबर आत गेले, पण त्यांनी धरलेली खुर्ची अशी थरथरायला लागली की मॅडमनी त्यांनाच बाहेर पाठवलं. निघताना ते लेकीला म्हणाले, "जोरानं रडजो, बेटा."

दार लागलं. गुड्डी रडली नाही.

मशीनचा आवाज आला, थांबला. मग लाइन गेली. पंखा फिरत फिरत थांबला. भर दुपार होती, रस्ता समोरच होता, तरी कुठूनच काही ऐकू येईना. बसलेल्या आईबापांपैकी कोणी बोलेना. दारापलीकडे इतकं शांत होतं, की तिथे खोलीच नाही असं मला क्षणभर वाटलं.

भाऊंनी दाराला कान लावला. "बाई, आवाज काऊन नाई येऊन राह्यला?"

"शहाणी आहे तुमची पोरगी."

"शहाणी नको. रडाले पायजे."

त्यांनी दारावर तळवा टेकला. लाकडावर घामाचा हात उमटला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "गुड्डीच्या अगोदर एक पोरगी झाली होती मले. तवाही असाच दाराबाहेर उभा होतो. सारे म्हणत, आता रडन, आता रडन. मी ऐकतच राह्यलो. ती रडलीच नाई."

मी वही मिटली.

"घरी तिचा विषय काढता येत नाई. गुड्डीच्या मायले त्रास होते. मंग इथी येऊन बसतो. कोणाचंही असो, पोट्टं रडलं का जीव थाऱ्यावर येते."

मला माझं हसणं आठवलं. काम चालू असताना दार उघडायचं नाही, असा मॅडमचा नियम आहे. मी उघडलं.

मॅडम मोबाईलच्या उजेडात गुड्डीच्या तोंडात बघत होत्या. दाढ निघाली होती. कापसाचा बोळा गालात दाबून गुड्डी खुर्चीवरून उतरली आणि चालत बाहेर आली.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही.

गुड्डी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. कापूस सांभाळत तिने विचारलं, "लय दुखलं का, बाबा?"

"हो," भाऊ म्हणाले. "लय."