दोन मिनिटं कुणी मध्ये बोलायचं नाही

ठरवलं एवढंच होतं, की संध्याकाळच्या चहाच्या वेळी वहिनींशी थोडं इंग्रजीत बोलायचं.

वहिनी मोठ्या रुग्णालयात नर्स आहेत. वॉर्डची इनचार्ज व्हायला त्या सर्वार्थाने लायक आहेत, हे डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे मान्य करतात. पण इनचार्जला परप्रांतांतल्या पेशंटांशी बोलावं लागतं, म्हणून इंग्रजीची तोंडी परीक्षा आडवी येते. वहिनींचं लेखी इंग्रजी उत्तम. परीक्षकासमोर बसल्या, की मात्र तोंडाला कुलूप. दोनदा असं झालं होतं आणि ही शेवटची संधी होती. या वेळी हुकलं असतं, तर त्यांच्याच हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली मुलगी त्यांच्यावर इनचार्ज म्हणून बसणार होती.

आणि मी तर नुकताच परदेशातून परतलो होतो, भाषा कशी शिकवावी या विषयातली पदवी घेऊन. (भाषा शिकवण्याची नव्हे, ती कशी शिकवावी याची. फरक पुढे कळेलच.) देशासाठी काहीतरी करायचं, या विचाराने मला झोप लागत नव्हती. देश घरापासून सुरू होतो आणि घरात वहिनीच सापडल्या.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीत विचारलं, "तुमचा आवडता ऋतू कोणता?"

वहिनींनी कप खाली ठेवला. छताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कप उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"तिला ऋतू कुठून माहीत असणार?" दादा म्हणाला. "वॉर्डात बारा महिने एसी."

मी येरझारा घालू लागलो. चूक वहिनींची नव्हती, वातावरणाची होती! भाषेला अभय लागतं. लगेच मी घरासाठी नियम केले. वहिनी बोलायला लागल्या, की दोन मिनिटं कुणी मध्ये बोलायचं नाही. ऐकणाऱ्याने हसतमुखाने मान हलवायची. चूक काढायची नाही. बोलताना मराठीचा एक शब्द जरी आला, तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. विषय मी चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकले.

"बाथरूमला जायचं असेल तर?" बाबांनी विचारलं.

"हात वर करा."

"या वयात?"

"बाबा, हा वहिनींच्या भविष्याचा प्रश्न आहे."

बाबांनी हात वर करून पाहिला. सून म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आठवडा असाच गेला. वहिनी चिठ्ठी काढायच्या, दोन वाक्यं बोलायच्या आणि "अय्या, शब्दच आठवेना!" म्हणायच्या. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. परीक्षा जवळ येत होती आणि माझी नखं संपत आली होती. दादाचा चेहरा मान हलवून हलवून असा झाला होता, की ऑफिसात साहेबांनी त्याला विचारलं म्हणे, "तुम्ही माझ्या प्रत्येक गोष्टीला हो का म्हणताय?"

त्या दिवशी वहिनी ड्यूटीवरून आल्या, कपडे मशीनला लावले आणि युनिफॉर्मवरच येऊन चिठ्ठी काढली. 'घरात अचानक आलेली अडचण.' विचार करायला एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात मशीन कसा आवाज करतंय ते बघून येते, म्हणून त्या आत गेल्या.

परत आल्या त्या धावत. आणि काय सांगू! इंग्रजी घडाघडा सुरू! माझ्या मशीनचा पाइप निघाला आहे. पाणी येत आहे, खूप पाणी. मी नळ बंद करते, पण नळ फिरत नाही. कृपा करून कोणीतरी या!

माझ्या अंगावर काटा आला. अडखळणं नाही, आवाजात चढउतार, हातवारे! दादा उठायला लागला, तसा मी त्याचा खांदा दाबला. "बस! मध्ये बोलायचं नाही."

"अरे, पण..."

"दादा! आठवड्यात पहिल्यांदा बोलतायत त्या!"

वहिनी पुढे म्हणाल्या, हे खोटं नाही, हे खरं आहे. (वा! मुद्दा ठासून मांडणं. याला वेगळे गुण असतात.) मी खूश होऊन इंग्रजीत पुढचा प्रश्न टाकला: अशा वेळी तुमच्या मनात कोणती भावना येते?

"अँगर," वहिनी म्हणाल्या.

कोणाबद्दल?

"यू!"

बाबांनी हात वर केला. "अरे, माझे पाय..."

"बाबा, इंग्रजीत!"

बाबांनी खाली पाहिलं. शब्द शोधला. "माय फीट," ते गंभीरपणे म्हणाले, "आर स्विमिंग."

तेव्हा मी खाली पाहिलं. डब्यातल्या चिठ्ठ्या सोडून सगळं घर ओलं झालं होतं. माझी एक चप्पल दिवाणखाना ओलांडून दाराकडे निघाली होती.

दादाने पक्कड घेऊन नळ बंद केला, बाबा खुर्चीवर पाय घेऊन बसले आणि मी (मी काय करणार?) घड्याळ थांबवलं. एक मिनिट पंचावन्न सेकंद. हळहळलो.

एवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या मॅडम. नुकत्याच राहायला आलेल्या, मराठीचा गंध नाही. केस ओले, डोळे लाल, एक हात दुसऱ्या हातात धरलेला. त्यांच्या छतातून धार लागली होती आणि त्या पाण्यावरून त्या घसरून पडल्या होत्या. हे सगळं त्यांनी इंग्रजीत, एका दमात, पूर्ण जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोल ना," दादा कुजबुजला.

पण माझ्यातला शिक्षक जागा झाला. याहून खरी तोंडी परीक्षा कुठली? पहिली संधी वहिनींची! मी मॅडमकडे बघून हसतमुखाने मान हलवली. त्या आणखी भडकल्या. तुम्ही हसता काय? काहीतरी बोला! मी आणखी प्रेमळपणे मान हलवली आणि वहिनींकडे बोट दाखवलं. (खरं सांगू? तोंडही उघडत नव्हतं. त्या बाईंचा आवाजच तसा होता.)

मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरात काळजी नावाची गोष्ट कुणाला ठाऊक नाही!

झालं. वहिनी पुढे आल्या. सकाळपासून उभी होते, चोवीस पेशंटांची काळजी घेतली, आता मला काळजी शिकवू नका, असं त्यांनी सुनावलं. व्याकरणाची हाडं खिळखिळी होत होती, पण एकही वाक्य वाटेत पडत नव्हतं. मॅडमनी उत्तर दिलं. वहिनींनी प्रत्युत्तर दिलं. मग अचानक वहिनींचा आवाजच बदलला.

"शो मी द हँड," त्या म्हणाल्या. इथे दुखतं? वर उचला. बोटं हलवा. हळू. घाबरू नका, मोडलेलं नाही. मॅडम बोलायचं विसरून निमूटपणे बोटं हलवत होत्या. वहिनींनी त्यांना खुर्चीवर बसवून पट्टी बांधली आणि छताचं आम्ही बघू, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी संध्याकाळी पट्टी बदलायला खाली जाऊ लागल्या. पट्टी बदलायला कितीसा वेळ लागतो? त्या तासाभराने वर यायच्या, तेही हसत. हात बरा झाला तरी खाली जाणं चालूच. माझ्या वर्गात मी आणि डबा उरलो. मी जिन्यात येरझारा घालायचो आणि खालून दोघींचं हसणं ऐकून अस्वस्थ व्हायचो. कुठली पद्धत वापरत असतील?

परीक्षेच्या दिवशी घरात चहासुद्धा कुणाला गोड लागेना. निकाल लगेच होता. वहिनी आल्या, पर्स टाकली आणि म्हणाल्या, "झाले इनचार्ज."

बाबांनी डोळे पुसले. दादाने मान हलवली. (त्याची सवय अजून गेलेली नाही.)

"काय विचारलं?" मी अधीर होऊन विचारलं.

"मोकळ्या वेळात काय करता, म्हणे. मी म्हटलं, मला मोकळा वेळ नसतो. का नसतो तेही सांगायला लागले. वेळ संपल्याची घंटा वाजवली त्यांनी, पण भाऊजी, अर्ध्यावर कसं सोडणार?"

तेवढ्यात खालच्या मॅडम फुलं घेऊन आल्या. वहिनींना मिठी मारली, बाबांशी हात मिळवला. मग माझ्यासमोर येऊन थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती, की मला भीती वाटली. एकेक शब्द सुटा करत, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "यू... डोन्ट... वरी. यू... ऑल्सो... विल... लर्न!"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी फुलं पाण्यात ठेवू लागल्या.

"सोमवारपासून बोलावलंय त्यांनी तुम्हाला," त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या. "मी सांगत होते की तुम्हाला इंग्रजी येतं, पण त्यांना पटेना. म्हणाल्या, लाजरा आहे, हळूहळू बोलेल."

मी मदतीसाठी बाबांकडे वळलो.

"जा रे," बाबा म्हणाले. "परदेशात राहून जे जमलं नाही, ते खालच्या मजल्यावर तरी जमेल."